मदत हवी आहे: मामा तलावातलं प्लँक्टन मोजतेय, आकडा दर वेळी वेगळा!

धानाची_लोंबी:
नमस्कार. भंडारा जिल्ह्यातलं गाव, बीएस्सी शेवटचं वर्ष. प्रकल्प मिळालाय सागरी जीवशास्त्राच्या संशोधनपद्धतींचा. समुद्र अजून पाहिलेला नाही (हसू नका). म्हटलं, त्यांची जुनी साधनं घरी बनवून आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात वापरू, आणि प्लँक्टन म्हणजे पाण्यासोबत वाहणारे बारीक जीव मोजू.

सेक्की तबकडी जमली. १८६५ मध्ये आंजेलो सेक्कीने पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी भूमध्य समुद्रात सोडून पाणी किती नितळ ते मोजलं होतं. माझी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, २० सेंमीची, खाली दगड बांधलेला. ४५ सेंमीवर दिसेनाशी होते. बाबा ढिवर, डोंगा त्यांचाच. म्हणाले, "काहून वं, पत्रा कायले बुडवतेस? मासे पळतेत ना!"

घोडं अडलंय जाळीवर. जुन्या ओढणीचा शंकू शिवला, तोंडाला २० सेंमीची तारेची कडी, टोकाला सलाईनची बाटली. डोंग्यामागे १० मीटर ओढते. सकाळी सहाला बाटलीतल्या एका मिलीत ३८ जीव, बहुतेक सायक्लॉप्स (झिंग्याच्या जातकुळीतले एकडोळे बारके जीव). दुपारी त्याच जागी ९. बेशरमाच्या झुडपांजवळ ५१! सर म्हणतील आकडे घरी बसून लिहिले. चुकतंय कुठे?

खारा_वारा:
ताई, दुपारी हे जीव उजेड टाळून खाली जातात, झुडपांत दडतात. समुद्रातही रोज हेच, फक्त शेकडो मीटर खोल. आणि ते सगळीकडे सारखे पसरलेले नसतातच. यावरून मोठं भांडण झालंय. 'प्लँक्टन' हा शब्द १८८७ मध्ये देणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेनला माशांचं खाद्य मोजायचं होतं. १८८९ मध्ये अटलांटिकभर जाळी टाकत फिरला. जीव बऱ्यापैकी सारखे पसरलेले असतात हे त्याने धरून चाललं, म्हणून हेकेल या दुसऱ्या जर्मन जीवशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी त्याला टीकेने झोडपलं. तुझे ९ आणि ५१ हेकेलच्या बाजूचे आहेत. खोडू नकोस. प्रत्येक जागी तीनदा घे, वेळ लिही. नमुन्यात जागेवरच फॉर्मलिन टाक, नाहीतर कॉलेजात पोचेस्तोवर निम्मे एकमेकांना खातील.

छपाईवाला_साकोली:
ओढणी सोड व बाई. कापड दाट असलं की पाणी आत न जाता बाजूने निसटते. मग तुझे हिशेबातले ३१४ लिटर गाळलेच नाहीत. लग्नपत्रिका छापतो ती नायलॉनची जाळी घे, सेंटीमीटरला ७७ धाग्यांची, भोक साधारण ७० मायक्रॉन. पहिले हे प्लँक्टन पकडणारे लोक पीठ चाळायचं रेशमी कापड वापरत, असं वाचलं होतं. तुकडा माझ्याकडे पडून आहे, घेऊन जा.

धानाची_लोंबी:
दादा, सोमवारी बाजाराला येते तेव्हा नेते. खारा_वारा, हे हेकेल प्रकरण सरांना सांगितलं तर चालेल ना? बाबांना सांगितलं तर म्हणाले, "दुपारी मासे तरी कुठं वर येतेत? मले विचारलं असतंस."