गर्दीच्या ओपीडीत रुग्णाची हकीकत किती ऐकावी?

प्रश्न (इंटर्न, मेडिसिन विभाग):
२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णसंवादाचा ‘एटकॉम’ हा भाग आला आणि रुग्णाला मोकळेपणाने बोलू द्यावे, असे आम्हाला शिकवले गेले. परंतु दाराबाहेर रांग असताना, “काय त्रास होतो?” या प्रश्नाचे उत्तर एखादा रुग्ण पुतणीच्या लग्नापासून देऊ लागला, तर त्याला थांबवून नेमके प्रश्न विचारणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १ (फिजिशियन):
निदान सुरुवातीला तरी थांबवू नका. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे ३३५ रुग्णांना न अडवता बोलू दिले, तेव्हा त्यांनी सरासरी ९२ सेकंद घेतले आणि ७८ टक्के जणांचे बोलणे दोन मिनिटांत संपले. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील १९८४ च्या अभ्यासात मात्र डॉक्टरांनी सरासरी अठराव्या सेकंदालाच रुग्णाला मध्ये तोडले होते.

जे पाल्हाळ वाटते, त्यात पुष्कळदा निदान दडलेले असते. “श्रावण लागल्यापासून...” अशी सुरुवात करणाऱ्या मधुमेही बाईंना “चक्कर किती दिवसांपासून येते?” असे विचारून तोडले, तर सोमवारच्या कडक उपासालाही त्या ग्लिमेपिराइडची गोळी घेतात आणि त्यामुळे दुपारी त्यांची साखर उतरते, हे कळणारच नाही. मग मानेचा एक्स-रे निघतो, चक्कर थांबवणारी गोळी सुरू होते आणि पुढच्या सोमवारी त्यांना पुन्हा गरगरते.

प्रतिसाद २ (वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र):
आकडे मान्य आहेत, पण आपल्याकडे प्राथमिक उपचाराची भेटच सरासरी दोन मिनिटांच्या आसपास आटोपते. म्हणून साध्या सर्दी-खोकल्याला मी थेट प्रश्न विचारतो. मात्र तीच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या माणसाचे सगळे ऐकतो, कारण आधीच्या दोन्ही वेळी आपण काहीतरी ऐकायचे राहून गेलेले असते.

प्रतिसाद ३ (समाजसेवा अधीक्षक, वैद्यकीय):
हकीकत कोण सांगत आहे, हेही पाहावे. खुर्चीवर बाई बसलेली असते आणि बोलतो तो तिचा मुलगा किंवा नवरा. डॉक्टरही नकळत त्याच्याकडेच पाहून विचारू लागतात. “आधी यांना सांगू द्या, मग तुमचे ऐकतो,” एवढे म्हटले तरी पुष्कळ फरक पडतो. शेवटी गोळ्या कशा घ्यायच्या, हे त्या बाईंकडूनच त्यांच्या शब्दांत वदवून घ्यावे, “उपासाच्या दिवशी काय कराल?” हा प्रश्नही तेव्हाच विचारता येतो.