बेनिडॉर्मचं पॅकेज घेणारे सगळे आळशीच का?

लीड्सचा_वाटाणा
परवा शेजारच्या धाग्यावर एका विद्वानांनी स्पेनच्या समुद्रकाठच्या बेनिडॉर्म गावाबद्दल लिहिलं, "पॅकेज घेऊन बेनिडॉर्मला जाणं म्हणजे स्पेनला न जाणंच. दारुडे इंग्रज, फिश अँड चिप्स आणि उंच खोकी. मराठी माणसानं यासाठी पैसे घालवू नयेत." खाली माना डोलावणारेही भरपूर. उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आमचा विचार मेच्या हाफ टर्मचा, म्हणजे इथल्या ब्रिटनच्या शाळांच्या मधल्या सुट्टीचा आहे. आम्ही दोघं, दोन पोरं आणि सांगलीहून येणारे आईबाबा. बाबांचे गुडघे गेलेत. बेनिडॉर्मचा लेवान्ते किनारा सपाट, बाजूनं फरसबंदी रस्ता, दर थोड्या अंतरावर बसायला बाक. बाबांसाठी हेच 'स्थलदर्शन'. वेगवेगळं बुकिंग करूनही पाहिलं. तिकीट स्वस्त दिसतं, मग प्रत्येक बॅगेचे पैसे, सीटचे पैसे, आणि अलिकांते विमानतळावरून पुढे साठेक किलोमीटर रात्री सहा माणसं न्यायची. पॅकेजमध्ये बॅग, हॉटेलपर्यंतची बस आणि दोन वेळचं जेवण धरलेलं. वर एटॉल, म्हणजे कंपनी बुडाली तर पॅकेजवाल्यांना सांभाळणारी ब्रिटिश हमी योजना. २३ सप्टेंबर २०१९ ला थॉमस कुक ही पर्यटन कंपनी पहाटे बुडाली, तेव्हा दीडेक लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. त्यांना परत आणायला यंत्रणा उभी राहिली. माझ्या सुट्या बुकिंगच्या स्प्रेडशीटसाठी कोण उभं राहणार?

राहिला 'खरा स्पेन'. स्पेनचं सरकार १९८५ पासून इमसेर्सो योजनेत आपल्या पेन्शनरांना स्वस्तात समुद्रावर पाठवतं, आणि बेनिडॉर्म त्यांचं लाडकं ठिकाण. हिवाळ्यात तिथं दुपारी नाचणाऱ्या स्पॅनिश आजीबाईंना कुणीतरी जाऊन सांगा की बाई गं, तू खऱ्या स्पेनमध्ये नाहीस.

सडाफटिंग
ते विद्वान मीच. नाव घ्यायला लाजलात का?

थॉमस कुकचं अर्धंच सांगितलंत. ज्यांच्याकडे नुसतं विमानाचं तिकीट होतं, एटॉल नव्हतं, त्यांनाही सरकारनं त्याच विमानांतून आणलं. आणि तुमच्या त्या 'धरलेल्या' जेवणाबद्दल बोला की. माणसं हॉटेलातच खातात, हॉटेलातच पितात, गावातल्या खानावळवाल्याच्या हाती काय? मॅगालुफमध्ये शेवटी कायदा करावा लागला, ऑल-इन्क्लुसिव्हमध्ये (म्हणजे खाणंपिणं सगळं धरलेल्या पॅकेजात) दुपारी तीन आणि रात्री तीनच पेग. पॅकेजची संस्कृती ती हीच.

नकाशा_उलटा
साहेब, मॅगालुफ मायोर्का बेटावर आहे. बेनिडॉर्म मुख्य भूमीवर, अलिकांते प्रांतात. तुमचा तो २०२० चा आदेश बालेआरिक बेटांचा (मायोर्का त्यातलंच), तोही मोजक्या भागांपुरता. मुंबईच्या बारचा राग नागपुरावर काढताय तुम्ही.

सडाफटिंग
भूगोलाबद्दल आभार, सर. दारू दोन्हीकडे तीच ना?

लीड्सचा_वाटाणा
तिकीटवाल्यांना आणलं, मान्य. पण हॉटेलचं बिल कुणाचं भरलं गेलं? एटॉलवाल्यांचं. बाकीच्यांनी परतीचं विमान मिळेपर्यंत स्वतःच्या खिशातून भरलं.

गुणाकार
हाफ टर्म कशाला? तेच हॉटेल, तेच विमान, शाळा सुरू असताना निम्म्यात मिळतं. पोरांची शाळा बुडवल्याचा दंड ८० पौंड, दर पालकाला दर मुलामागे. दोन पोरांचे ३२०. तेवढं भरूनही पैसे उरतात. आमच्या ऑफिसात सगळे हेच करतात.

फळा_खडू
२१ दिवसांत भरला तर ८०, नाहीतर १६०. तीन वर्षांत दुसऱ्यांदा केलंत तर सरळ १६०. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. सुट्टीवरून आलेल्या पोराला चुकलेला भाग कोण शिकवतं? तुमचं ऑफिस?

गुणाकार
ताई, सात वर्षांच्या पोराचं आठवड्यात असं काय बुडतं?

फळा_खडू
या वाक्यावर मी बोलले तर संपादक मला काढतील.

स्लावची_सून
तुम्ही दंड-बिंड सोडा, मूळ प्रश्न जेवणाचा आहे आणि तो कुणीच काढत नाही! आम्ही सासूबाईंना घेऊन हाफ-बोर्डवर, म्हणजे दोन वेळचं जेवण धरून गेलो होतो (हॉटेलचं नाव घेत नाही). बफेत फरसबीची भाजी दिसली, सासूबाई हरखल्या. वाढून घेतली तर आत हॅमचे बारके गुलाबी तुकडे. मी वेटरला सांगितलं, नो मीट. त्यानं हसत हसत चिमट्यानं एकेक तुकडा वेचून बाजूला ठेवला आणि तीच भाजी पुन्हा पुढे केली. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता हो. हिरव्या सॅलडवर टूना, बटाट्याच्या ऑम्लेटात अंडं असतंच. बाईंनी पाव आणि खरबुजावर दिवस काढले आणि घरी येऊन नणंदेला फोन करून सगळं सांगितलं. तेव्हापासून ठेपले, दाण्याची चटणी आणि तुपाची बरणी घेतल्याशिवाय मी घर सोडत नाही.

लाल_मार्गिका
ठेपले न्या, तूप नाही. जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. डच कस्टम्सवाले लॉरी ड्रायव्हरांची हॅम सँडविचं काढून घेत होते, आठवतंय का? तूप, पनीर, चक्का, सगळं त्यातच.

स्लावची_सून
आम्ही दर वेळी नेतो. कुणी विचारलेलं नाही.

लाल_मार्गिका
पकडलं नाही म्हणजे चालतं असं नाही.

स्लावची_सून
एवढ्याशा बरणीनं स्पेनच्या गाईंना काय होणार आहे?

कुंदा_प्रेमी
मग पेढे? नियमात चॉकलेट आणि गोळ्या-मिठाईला सूट आहे.

लाल_मार्गिका
पेढा म्हणजे खवा. खवा म्हणजे दूध.

कुंदा_प्रेमी
आणि मिल्क चॉकलेट काय उसाच्या रसाचं असतं? बेसनाचा लाडू सांगा बरं, तो कुठल्या रांगेत? तूप आत गेलंय, दिसत नाही.

लाल_मार्गिका
लाडवाचं तुमचं तुम्ही बघा. मी वकील नाही.

स्लावची_सून
बघा, लाडवाला उत्तर नाही यांच्याकडे.

माहेर_मिरज
अहो, भांडता काय? पॅकेज म्हटलं की बफेच असं कुणी सांगितलं? स्वयंपाकघर असलेल्या अपार्टमेंटचंही पॅकेज मिळतं, एटॉलसकट. कुकर न्या, डाळ-तांदूळ तिथल्या सुपरमार्केटात मिळतात. आणि बेनिडॉर्ममध्ये इंडियन रेस्टॉरंटं पैशाला पासरी आहेत. इंग्रज जिथं सुट्टीला जातो तिथं त्याची करी आधी जाऊन बसते. माझ्या सासऱ्यांना तिथल्या रिंकोन दे लोइश भागातल्या एका गल्लीत तडका डाळ मिळाली आणि त्यांनी स्पेनला माफ केलं.

सडाफटिंग
चला, दारुड्या इंग्रजांचा कुणाला तरी उपयोग झाला.

पण हेच तर म्हणतोय मी! तडका डाळ खायला स्पेन कशाला? लंडनचं साउथॉल आहे की.

माहेर_मिरज
साउथॉलला समुद्र आहे का, दादा?

नकाशा_उलटा
दोघंही आपापलं रेटताय. मुक्काम बेनिडॉर्मला ठेवा, दिवसा ट्राम पकडा. एका बाजूला ला व्हिला जोयोसा, रंगीत घरांचं कोळ्यांचं गाव. दुसऱ्या बाजूला आल्तेआ, टेकडीवर पांढरी घरं आणि निळ्या घुमटाचं चर्च. गुडघे दुखत असतील तर आल्तेआच्या वरच्या भागात टॅक्सीनं जा, चढ आहे. ही ट्राम विमानतळावर जात नाही, ते आधीच धरून चाला. आणि रात्री झोप हवी असेल तर हॉटेल पोनियेन्ते किनाऱ्याकडे घ्या, रिंकोन दे लोइशकडे नको. स्पॅनिश कुटुंबं पोनियेन्तेलाच जास्त दिसतात.

सडाफटिंग
आल्तेआ बघणार असाल तर माझा विरोध मागे. अर्धा. बाकी अर्धा त्या १८६ मीटरच्या ग्रान ओतेल बाली या तिथल्या उंच हॉटेलासाठी राखून ठेवतो.

लीड्सचा_वाटाणा
अर्धा का होईना. पोनियेन्तेकडचं एक हॉटेल सापडलंय, लिफ्ट आहे, हाफ-बोर्ड. आज रात्री डिपॉझिट भरतो.

लाल_मार्गिका
थांबा! आईबाबांचे पासपोर्ट भारतीय ना? स्पेनला लागणारा शेंगेन व्हिसा काढलाय का? यूकेच्या व्हिजिटर व्हिसावर इथं येऊन इथूनच स्पेनचा अर्ज करायचा बेत असेल तर सोडून द्या. जिथं राहता तिथूनच अर्ज, हा मूळ नियम. वेगळं सबळ कारण दाखवलं तरच इथं घेतात, आणि 'लेक लीड्सला असतो' हे सबळ कारण नव्हे. मुंबईतूनच करा. माणशी ९० युरो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस. व्हिसा नाकारला तर पॅकेजचे पैसे आपोआप परत येत नाहीत. निघण्याच्या सात दिवस आधी कळवून जागा दुसऱ्याच्या नावे करता येते, त्याचा खर्च तुमच्याच माथी.

लीड्सचा_वाटाणा
च्यायला. डिपॉझिट थांबवलं. बाबांना फोन करतो, तिकडे आता मध्यरात्र झाली असेल, उद्या करतो.

सडाफटिंग
पॅकेजमध्ये 'सगळं धरलेलं' असतं म्हणे.

लीड्सचा_वाटाणा
वेगळं बुकिंग केलं असतं तर व्हिसा लागला नसता का?

स्लावची_सून
एक शंका. आईबाबा मुंबईहून थेट स्पेनला उतरले तर तूप त्यांच्या बॅगेत चालेल ना? नियम ब्रिटनपुरता आहे.

लाल_मार्गिका
नाही! भारतही युनियनच्या बाहेरच आहे. नाही म्हणजे नाही.

कुंदा_प्रेमी
आणि लाडू?