न्यू जर्सीला लेफ्टनंट गव्हर्नर हवाच कशाला?

एडिसनचा_अण्णा
मिकी शेरिल गव्हर्नर झाल्या हे सगळ्यांना ठाऊक. त्यांच्याबरोबर निवडून आलेले लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नर नसताना कारभार बघणारा माणूस, कोण, असं परवा पॉटलकला विचारलं. आठ-नऊ जण होते, एकालाही डेल कॉल्डवेल हे नाव सांगता आलं नाही. मीही आधी फोनवर बघूनच विचारलं होतं, ते सोडा. (नायब राज्यपाल म्हणत नाही, लगेच दिल्ली डोळ्यांपुढे येते आणि तिथे माणूस केंद्राने नेमलेला असतो.)

1947 च्या इथल्या राज्यघटनेत हे पद नव्हतं. 2005 साली सार्वमत झालं आणि जानेवारी 2010 मध्ये किम ग्वाडॅन्यो पहिल्या लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या. त्याआधी गव्हर्नर नसला की राज्याच्या सेनेटचा, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचा, अध्यक्ष गाडा हाकायचा. राज्य काही वाऱ्यावर पडलं नव्हतं. मग हा जास्तीचा पगार कशासाठी?

प्लेन्सबरोची_वहिनी
अण्णा, 2002 चा जानेवारी विसरलात? आम्ही नुकतेच इथे आलो होतो. मला वाटलं, अमेरिकेत हे असंच चालत असेल!

तेव्हाच्या गव्हर्नर क्रिस्टीन व्हिटमन 2001 मध्ये बुश यांच्या पर्यावरण खात्याला गेल्या, सेनेट अध्यक्ष डिफ्रान्सेस्को हंगामी गव्हर्नर झाले. पुढच्या 8 जानेवारीला त्यांची सेनेटची मुदत संपली. नव्या सेनेटमध्ये 20-20 अशी बरोबरी, म्हणून अध्यक्षही दोन. ते ठरेपर्यंत ॲटर्नी जनरल जॉन फार्मर दीड तास गव्हर्नर. मग त्या दोन अध्यक्षांपैकी जॉन बेनेट साडेतीन दिवस, रिचर्ड कोडी तीन दिवस, आणि 15 तारखेला निवडून आलेले गव्हर्नर मॅकग्रीव्ही यांचा शपथविधी. आठ दिवसांत पाच! आमच्या गावच्या सोसायटीतसुद्धा चेअरमन एवढ्या वेगाने बदलत नाहीत.

तेही चालवून घेतलं असतं. पण 2004 च्या नोव्हेंबरमध्ये मॅकग्रीव्ही यांनी पद सोडलं आणि कोडी चौदा महिने सेनेट अध्यक्ष आणि गव्हर्नर अशा दोन्ही खुर्च्यांवर. सेनेटमध्ये विधेयक मंजूर करून घ्यायचं आणि ऑफिसात येऊन त्यावर सहीही आपणच करायची. मी 2005 ला 'हो' म्हणून मत दिलं असतं, पण तेव्हा आमचं ग्रीन कार्डही आलं नव्हतं.

एडिसनचा_अण्णा
वहिनी, आता 2010 चा डिसेंबर ऐका. 26 तारखेचं वादळ. सकाळी गराजचं दार उघडलं तर समोर कंबरेला लागेल असा बर्फाचा ढीग, मेलबॉक्सचा फक्त लाल झेंडा दिसत होता. गव्हर्नर क्रिस्टी मुलांना घेऊन फ्लोरिडात डिस्नेला आणि लेफ्टनंट गव्हर्नर मेक्सिकोत. पद निर्माण होऊन वर्षही झालं नव्हतं. आणीबाणी जाहीर कोणी केली? सेनेट अध्यक्ष स्टीफन स्वीनी यांनी. म्हणजे शेवटी जुनी पद्धतच कामाला आली ना?

प्लेन्सबरोची_वहिनी
ग्वाडॅन्यो यांचे वडील कॅन्सरने आजारी होते, त्यांच्याबरोबर त्या गेल्या होत्या. आणि एकदा छत्री घरी विसरली म्हणून छत्रीच नको, असं म्हणायचं का?

पुण्यातून_वाचतोय
तुमचं बरं चाललंय. आपल्याकडे 1978 ला वसंतदादांच्या मंत्रिमंडळात नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. 2023 पासून दोन-दोन पाहिले. घटनेत पदाचा उल्लेखच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये याचिका फेटाळताना सांगितलं की उपमुख्यमंत्री हा आधी मंत्रीच आहे. मुख्यमंत्र्यांनी खुर्ची सोडली तर ती आपोआप उपमुख्यमंत्र्यांना मिळत नाही. तुमच्याकडे निदान पुढे कोण हे लिहून तरी ठेवलंय. इथे पद म्हणजे युतीतल्या रुसव्याफुगव्यांचा हिशेब.

ट्रेंटनला_रोज
सगळे नुसतं 'स्टेपनी' म्हणून बघताय. टेक्सासात हाच माणूस सेनेट चालवतो, कोणतं विधेयक पुढे येणार हे त्याच्या हातात. व्हर्जिनियात तो वेगळा निवडून येतो. न्यू जर्सीत एकाच मताने दोघं निवडून येतात, पण घटनेतच अट आहे: लेफ्टनंट गव्हर्नरला एखादं खातं किंवा गव्हर्नरची काही कामं द्यायची, फक्त ॲटर्नी जनरल करायचं नाही. मागच्या लेफ्टनंट गव्हर्नर शीला ऑलिव्हर यांच्याकडे कम्युनिटी अफेअर्स होतं. अण्णा, तुम्ही मागे डेकच्या परमिटसाठी टाउनशिपच्या नावाने बोटं मोडत होतात ना? ते बांधकामाचे नियम याच खात्याचे.

एडिसनचा_अण्णा
डेक झालं एकदाचं, त्याची आठवण नको! खात्याचं मान्य. पण मग नुसतं कमिशनर म्हणा की. आणि ऑगस्ट 2023 बघा. तेव्हाचे गव्हर्नर मर्फी इटलीला सुट्टीवर, ऑलिव्हर हंगामी गव्हर्नर, आणि त्यातच त्या आजारी पडून गेल्या. वाईट झालं, बाई कर्तबगार होत्या. तेव्हा कारभार कोणाकडे गेला? पुन्हा सेनेट अध्यक्षाकडे, निक स्कुटारी. मग मर्फी यांनी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून तहेशा वे यांना नेमलं. 45 दिवसांत गव्हर्नरने नेमायचं, मतदान नाही, सेनेटची मंजुरी नाही. उद्या गव्हर्नरला काही झालं असतं तर कोणीही न निवडलेली व्यक्ती त्या खुर्चीवर. तुमचे कोडी निदान मतं मागून आले होते.

प्लेन्सबरोची_वहिनी
कोडींना मतं त्यांच्या एका मतदारसंघाची होती, अख्ख्या राज्याची नव्हेत. पण त्या 45 दिवसांचं तुमचं पटलं. निदान सेनेटची मंजुरी तरी हवी. त्यासाठी पुन्हा सार्वमत आणा, या वेळी माझं मत आहे.