सल्ला हवाय: डी अँड डीमध्ये तलवारीआधी डोकं कसं चालवायला लावू?

घाटवाट: डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा डीएम (खेळ चालवणारा) आहे. खेळाडू हुशार, पण दार उघडलं की एकच प्रश्न, "इनिशिएटिव्ह टाकू?" (लढाईत आधी कोण, ते ठरवणारा फासा). मागच्या सेशनला पुलावरचे गॉब्लिन (छोटे दुष्ट राक्षस) मुद्दाम उपाशी दाखवले, म्हणजे शिधा देऊन पलीकडे जातील. गॉब्लिन मेले, शिधा झोळीतच. खेळ बदलायला ग्रुप तयार नाही. काय करू?

जुनाखेळ्या: एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, कशाचे देतोस? खेळाडू तिकडेच धावणार. डी अँड डीच्या १९८१च्या बेसिक संचात गॉब्लिनचे ५ एक्सपी, आणि बाहेर आणलेल्या दर सोन्याच्या नाण्यामागे १. फायटरला (लढवय्या पात्राला) दुसऱ्या लेव्हलसाठी २००० लागायचे. वाटणी सोड, तरी ४०० गॉब्लिन! त्यापेक्षा पेटी गुपचूप पळवलेली परवडायची. तुमच्या पाचव्या आवृत्तीत गॉब्लिनचे ५० आणि दुसरी लेव्हल ३००ला. सहा मुंडकी की काम झालं. मग बोलेल कोण?

घाटवाट: आम्ही माइलस्टोनवर खेळतो हो, एक्सपी न मोजता कथेतल्या टप्प्यांवर लेव्हल वाढते.

जुनाखेळ्या: मग एक्सपी राहू दे. राक्षसांशी भेट झाली की सगळ्यांसमोर दोन सहाचे फासे टाक. त्या जुन्या संचातल्या प्रतिक्रियांच्या तक्त्यात बेरीज २ आली तरच लगेच हल्ला, ९ किंवा त्याहून जास्त आली तर चाल करत नाहीत, १२ला चक्क दोस्ती. फासे उघड्यावर पडले की समोरचा बोलायला तयार आहे हे खेळाडूंना दिसतं. तुझे उपाशी गॉब्लिन फक्त तुझ्या वहीत उपाशी होते.

सातवा_फासा: थोडा विरोध. पाचव्या आवृत्तीचं कॅरेक्टर शीट (पात्राच्या क्षमतांचा कागद) बघ, निम्म्याहून जास्त मारामारीच. हौसेनं पॅलाडिन (धर्मयोद्धा) केलेल्याला स्माइट, म्हणजे त्याचा दैवी वार, करायचंच असणार! आधी ग्रुपला विचार, त्यांना काय हवंय.
आणि कोड्याचं उत्तर तू ठरवूच नकोस. खड्डा आहे, पलीकडे चावी आहे, बस्स. कोणी जमिनीवर पाणी ओतून फट शोधली तर पर्सेप्शनचा (निरीक्षणाचा) फासा मागू नकोस, फट सापडली म्हण. चांगल्या युक्तीवर फासा टाकायला लावलास आणि आकडा कमी पडला, की पुढच्या वेळी कुऱ्हाडच निघते.

घाटवाट: पटलं. पण लढाई सुरू झाल्यावर? शेवटचा गॉब्लिनसुद्धा मरेपर्यंत लढतो.

जुनाखेळ्या: तो तूच लढवतोस! २०१४च्या डीएमच्या पुस्तकात मोरालचा (शत्रूच्या धीराचा) ऐच्छिक नियम आहे: १० डीसीचा विस्डम सेव्ह, म्हणजे शहाणपणाच्या फाशावर किमान १० हवेत, चुकला की पळ किंवा शरणागती. म्होरक्या पडला की टाक. जुन्या संचातल्या मोरालच्या आकड्यांत (जास्त आकडा, जास्त धीर) कोबोल्ड, म्हणजे सरड्यासारखे छोटे राक्षस, ६, गॉब्लिन ७, सांगाडे १२, म्हणजे ते कधीच पळत नाहीत. मेलेल्याला कसली भीती! तिथे पॅलाडिनला सोड मोकळा.