हंगामी शेतमजुरांच्या प्रशिक्षणासाठी पात्रता कशी सिद्ध करावी? मदत हवी आहे

अमेरिकेत पिकांच्या हंगामानुसार राज्ये बदलत काम करणाऱ्या एका शेतमजूर कुटुंबाला मी अर्ज भरून देत आहे. तेथील श्रम विभागाच्या राष्ट्रीय शेतमजूर रोजगार कार्यक्रमात, २०१४ च्या कायद्यातील कलम १६७ नुसार, कमी उत्पन्नाबरोबरच अर्जापूर्वीच्या २४ महिन्यांतील सलग १२ महिन्यांच्या काळात उपजीविका मुख्यतः शेतीकामावर होती, हे दाखवावे लागते. त्यांच्याकडे मात्र मजुरीच्या तीनच पावत्या आहेत (एकीवर घामाने मालकाचे नावही पुसले गेले आहे) आणि बाकीची मजुरी रोख मिळाली. अशा वेळी मजुराचे स्वतःचे लेखी निवेदन पुरते, की मुकादमाची सहीही लागते? त्यांच्या मुलीला परिचारिका सहायकाचे प्रशिक्षण घ्यायचे आहे. आश्रित म्हणून तिचा अर्ज वेगळा भरावा का? प्रत्यक्ष अर्ज भरलेल्यांनी कृपया सांगावे.