मदत हवी आहे: मुलांसोबत शहरातील दोन दिवसांची सहल कशी आखावी?

येत्या शनिवार-रविवारी आम्ही ५ आणि ९ वर्षांच्या आमच्या मुलांना घेऊन एका मोठ्या शहरात जाणार आहोत. मागच्या सहलीत काचेपलीकडच्या वस्तू पाहून दोघेही तासाभरात कंटाळले (खरे तर आम्हीही!), म्हणून या वेळी कप्पीने वजन उचलणे, आरशांचे खेळ असे प्रयोग स्वतः करता येतील अशा विज्ञान केंद्रावर आणि एखाद्या हस्तकला कार्यशाळेवर भर द्यावा, असा विचार आहे. मातीची भांडी वाळून भाजली जाण्यास बरेच दिवस लागतात. तेव्हा लगेच घरी नेता येईल असे कोणते हस्तकाम निवडावे? धाकटा दुपारी झोपतो, त्यामुळे सकाळी एकच मोठे ठिकाण आणि संध्याकाळी उद्यान एवढेच ठेवणे योग्य ठरेल का, हेही अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.