लस नाही तर शाळा नाही?
वर एकानं लिहिलंय, लस न घेतलेल्या पोरांना शाळेत घ्यायचं नाही, असा अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारखा कायदा इथंपण करा. पण भावा, तिथंसुद्धा २०१४ च्या डिसेंबरात डिस्नेलँडमधनं गोवर पसरला तेव्हा कुठं २०१५ ला 'आमच्या मनाला पटत नाही' ही पळवाट बंद झाली, डॉक्टरी कारणाची सूट मात्र ठेवली. आपल्याकडं २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत कितीतरी आया व्हॉट्सअ‍ॅपवरचं कायबाय वाचून पोरं घरीच ठेवत होत्या (आमची हीपण त्यातलीच). शेवटी आमची पोरगी लस घेतल्याची अंगठ्यावरची शाई मिरवत आली, ते बघून शेजारच्या काकूंनी नातवाला नेलं. कायदा करा की, पण ऊसतोड मजुरांच्या पोरांचं लसीचं कार्ड गावाकडं पेटीत राहिलेलं असतंय, त्यांना शाळेच्या दारातनं परत पाठवणार काय?